उष्टा दगड

आल्देजच्या डब्यात शेवटी एकच दगड उरला.
बिस्किटांचा डबा, झाकणावर बर्फातली घोडागाडी.
बाकीचे सगळे त्याने फोडून झाले होते.

नदीकाठच्या निळ्या चिकणमातीतून वेचलेले.
खारं पाणी आता इथून गाडीने आख्खा दिवस लांब,
पण दहा हजार वर्षांपूर्वी आमच्या मक्याच्या शेतावर समुद्र होता,
हिमाच्या ओझ्याने दबलेली जमीन
पुन्हा वर यायच्या आधी
आत घुसलेला, जरा उतावळा समुद्र.
देवमासे होते, असं तो पाहुण्यांना सांगायचा
आणि हात तबेल्याकडे करायचा.

दगड उभा धरायचा, शिवणीवर छिन्नी,
हातोडीचा एक टोला, मग अर्धा.
बोटभर मासळी निघायची, दोन्ही फाकांत,
काटा न काटा जागच्या जागी.
कधी शिंपला. एकदा पीस.
कधी काहीच नाही; तेव्हा म्हणायचा,
"घरी कोणी नाही,"
आणि दोन्ही अर्धे जुळवून ठेवायचा,
दार हळूच लोटून घ्यावं तसे.

ही माती मोठी बेइमान.
घर पेलते, चर्च पेलते, शंभर वर्षं गप्प बसते
आणि एखाद्या मे महिन्यात तिचं ताक होतं.
कॉर्मियेंचं कुरण गेलं तेव्हा आवाजही आला नाही,
कुंपणाचे खांब उभेच्या उभे नदीकडे चालत गेले.
मग सरकारने गाव हलवलं.
घरं उचलून ट्रकवर चढवली,
माझं स्वयंपाकघर पडद्यांसकट हमरस्त्याने गेलं.
दफनभूमी तेवढी मागे ठेवली.
आल्देजने हट्टाने तिथेच जागा मागितली,
तिथेच त्याला माती दिली.
तीच.

तुएत नावाची मुलगी विद्यापीठातून येते,
बूट दाराबाहेर काढते, कॉफीत चार चमचे साखर.
ती म्हणाली, हे काम जिवाणूंचं.
मासळी मेली, गाळात रुतली,
जिथे हवा पोचत नाही तिथे ते जमले.
समुद्राच्या पाण्यातल्या गंधकावर त्यांनी श्वास चालवला
(सडक्या अंड्यांचा वास आला असणार, नाक कुणाचं होतं?)
आणि सोडलेला श्वास पाण्यातल्या चुन्याला भेटून
थरावर थर घट्ट होत गेला.
म्हणजे जेवणावळ चालू होती
आणि पंगतीभोवतीच भिंत चढत होती.
ताटातलं उरलं, वाढपीही आतच राहिले.

"म्हणजे जे खायला बसले, त्यांनीच राखलं?"
ती हसली. "राखायचं म्हणून नाही."

शेवटचा दगड तिने न फोडता यंत्रात घालून पाहिला.
चित्र आणून टेबलावर ठेवलं:
वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ,
मधोमध तांदळाएवढी पोकळी.
जे होतं ते पुरतं खाल्लं गेलं.
"पण होतं काहीतरी," ती म्हणाली,
"त्याशिवाय दगड सुरूच होत नाही."

मी बराच वेळ त्या पोकळीकडे पाहत राहिले.
पाव करपला.

रविवारी मी जुन्या गावात जाते.
उतारावर त्यांनी लोखंडी सळया ठोकल्यात, लाल फिती बांधून;
माती वर्षाला किती सरकते ते मोजतात.
आल्देजजवळची सळई यंदा जरा कलली आहे.
खाली काय चाललंय ते मी विचारत नाही.
कोटाच्या खिशात दगड असतो,
थंड, आणि दिसतो त्याहून जड,
श्वासाला असं वजन असतं हे
एकोणचाळीस वर्षं त्याच्या शेजारी झोपून
मला कळलं नव्हतं.

घरी कोणी होतं, आल्देज.

हातोडी मी जावयाला देऊन टाकली.
छिन्नी ठेवली आहे.
डब्याचं झाकण गंजलंय,
उघडायला लागते.